सयाजीराव नावाचा घोडा आणि बडोद्याचे महाराज

दत्तजयंती जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. एकमुखी दत्ताच्या यात्रेला जोडून भरणाऱ्या या बाजारात देशाच्या निरनिराळ्या भागांतून घोडे येतात. घोड्याची चाल, रंग, कानांची ठेवण, अंगावरचे भोवरे पाहून जाणकार सौदे करतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बातमी असते ती किमतीची. कोणत्या घोड्यासाठी किती लाख मोजले गेले, कोणत्या मालकाने किती लाखांची मागणी नाकारली, याची चर्चा पुढे कित्येक दिवस चालते.

घोड्याच्या किमतीने सर्वांना थक्क करण्याचा असाच एक प्रसंग १९४५ साली इंग्लंडमधील न्यूमार्केटच्या लिलावात घडला होता. जेमतेम वर्षभराच्या, अजून पाठीवर जॉकी घेऊन एकदाही शर्यतीत न धावलेल्या एका शिंगरासाठी तेथे २८ हजार गिनी मोजण्यात आल्या. वर्षभराच्या शिंगरासाठी तोपर्यंत तेथील लिलावात इतकी किंमत कोणी दिली नव्हती. गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि त्या काळी रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स. त्या हिशेबाने ही रक्कम ३ लाख ९२ हजार रुपये होते. खरेदीदार एक मराठी राजा होता. बडोदे संस्थानचे अधिपती महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी ते शिंगरू घेतले आणि त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले, सयाजीराव. पुढच्या सहा वर्षांत या घोड्याने मालकाला इंग्लंडमधील मानाचा चषक मिळवून दिला आणि त्याच सहा वर्षांत मालकाने बडोद्याची गादी गमावली.

शेजारची दोन संस्थाने

आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला इंग्रजी अमलात दोन संस्थाने भिडलेली होती आणि योगायोग असा, की दोन्हींचे राजे इंग्लंडच्या शर्यतींत गाजले. अक्कलकुव्याच्या पलीकडे नर्मदेच्या बाजूला राजपिपळा संस्थान होते. तेथील महाराज विजयसिंहजी यांच्या ‘विंडसर लॅड’ या घोड्याने १९३४ साली एप्सम येथील डर्बी जिंकली. हा घोडा त्यांना अवघ्या १३०० गिनींना मिळाला होता.

दुसरे संस्थान बडोद्याचे. नवापूर सोडून सुरतेच्या रस्त्याला लागले की काही वेळातच सोनगड येते. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या दावडीच्या गायकवाड घराण्याने गुजरातेत पाय रोवले ते याच डोंगरी किल्ल्यावरून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड आपले ठाणे केले आणि तेथून घोडदळाच्या बळावर सपाटीचा मुलूख ताब्यात घेतला. बडोदे ही राजधानी त्यानंतरची. गायकवाडांचे राज्य घोड्याच्या पाठीवर बसून मिळवलेले होते. त्याच घराण्यातील अखेरच्या सत्ताधीशाच्या चरित्रात घोडा पुन्हा आला तो मात्र अगदी वेगळ्या वाटेने.

आजोबांच्या सावलीत

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८ रोजी झाला. सयाजीराव महाराजांचे थोरले पुत्र युवराज फत्तेसिंहराव हे त्यांचे वडील. मुलगा जेमतेम तीन महिन्यांचा असताना त्याच वर्षी युवराजांचे निधन झाले. त्यामुळे पाळण्यात असतानाच प्रतापसिंहराव गादीचे वारस ठरले आणि आजोबांच्या देखरेखीखाली वाढले.

हे आजोबा म्हणजे साधी असामी नव्हती. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातील गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला आला आणि तिसरा सयाजीराव म्हणून त्याने तब्बल ६४ वर्षे राज्य केले. १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारे, गावोगावी ग्रंथालये उभारणारे आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव संपूर्ण देशात आदर्श राजा म्हणून ओळखले जात. खर्चाच्या बाबतीत ते काटेकोर होते. राज्याचा खजिना वेगळा आणि राजाचा खासगी खर्च वेगळा, ही शिस्त त्यांनी कारभारात रुजवली होती.

सयाजीरावांचे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निधन झाले आणि तिशीतले प्रतापसिंहराव गादीवर आले. २१ तोफांच्या सलामीचा मान असलेली जी मोजकी पाच संस्थाने होती, त्यांत बडोदे एक होते. लोकसंख्या सुमारे २८ लाख, रेल्वे, कापडगिरण्या, शाळा, ग्रंथालये आणि शिल्लक असलेला खजिना असा भरभराटीचा वारसा त्यांच्या हाती आला. कोल्हापूरकडील हसूरच्या घोरपडे घराण्यातील शांतादेवी यांच्याशी त्यांचा विवाह १९२९ मध्येच झाला होता आणि थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव हे १९३० साली जन्मले होते.

आरंभीची वर्षे तशी शांततेत गेली. दुसऱ्या महायुद्धात प्रतापसिंहरावांनी ब्रिटिश सरकारला सढळ हाताने मदत केली. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या लढाऊ विमानांच्या तुकडीला बडोद्याचे नाव देण्यात आले ते या मदतीमुळेच. खेळांना त्यांचा उदार आश्रय होता. सांगलीहून आलेले विजय हजारे बडोदे दरबारच्या सेवेत स्थिरावले आणि बडोद्याच्या संघाने १९४२-४३ आणि १९४६-४७ या दोन हंगामांत रणजी करंडक जिंकला. यातील दुसऱ्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागीदारी केली. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा विक्रम पुढे २००६ पर्यंत अबाधित राहिला. महाराजांचे स्वतःचे मन मात्र क्रिकेटच्या मैदानापेक्षा रेसकोर्सवर अधिक रमत होते.

महालक्ष्मी ते मद्रास

महायुद्धामुळे परदेशांतून घोडे आणणे कठीण झाले होते. अशा वेळी देशातच पैदास झालेल्या घोड्यांची मानाची शर्यत म्हणून मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४३ साली भारतीय डर्बी सुरू झाली. या पहिल्याच डर्बीत महाराज प्रतापसिंहरावांची ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ ही घोडी पहिली आली. तिच्या पाठीवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. आजही दरवर्षी हिवाळ्यात मुंबईकरांची गर्दी खेचणाऱ्या या शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत पहिले नाव बडोद्याच्या तबेल्याचे आहे.

त्याच वर्षी रेसकोर्सवरच त्यांच्या आयुष्याला दुसरे वळण मिळाले. मद्रासच्या शर्यतींच्या वेळी त्यांची भेट सीतादेवी यांच्याशी झाली. आंध्रातील पिठापूरच्या राजांची ही कन्या त्या वेळी वुय्युरूच्या जमीनदारांची पत्नी होती. पहिल्या विवाहातून मोकळे होण्यासाठी सीतादेवींनी इस्लामचा स्वीकार केला, विवाह रद्द झाल्यावर पुन्हा हिंदू धर्मात प्रवेश केला आणि १९४३ च्या अखेरीस त्या बडोद्याच्या दुसऱ्या महाराणी झाल्या. बडोदे संस्थानातील कायद्याने एक पत्नी हयात असताना दुसरा विवाह करण्यास प्रजेला मनाई होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी याबाबत विचारणा केली तेव्हा हा कायदा राजाला लागू होत नाही, अशी भूमिका महाराजांनी घेतली. सुधारणांचे कायदे प्रथम स्वतःच्या घरापासून लागू करणाऱ्या सयाजीरावांच्या राजधानीत ही भूमिका लोकांच्या गळी उतरणे शक्य नव्हते. प्रजा आणि राजा यांच्यातील अंतर वाढण्यास येथून सुरुवात झाली.

वॉरन प्लेस

१९४५ साली युद्ध संपले आणि महाराजांच्या महत्त्वाकांक्षेला इंग्लंडची वाट मोकळी झाली. त्या वर्षी इंग्लंडची डर्बी ‘डान्टे’ या घोड्याने जिंकली होती. त्याच आई-बापांचे, म्हणजे ‘निअर्को’ आणि ‘रोझी लेजंड’ यांचे शिंगरू लिलावात आले. सख्खा भाऊ नुकताच डर्बी जिंकलेला असल्याने बोली चढत गेली आणि २८ हजार गिनींवर ती थांबली. राजपिपळ्याच्या महाराजांनी डर्बी जिंकून देणाऱ्या घोड्यासाठी जे मोजले होते, त्याच्या एकवीसपटीहून ही रक्कम अधिक होती. भावाभावांचे पाय सारखे पळतीलच याची खात्री कोणालाही देता येत नाही. शर्यतीच्या घोड्याचा व्यवहार हा असा अंदाजाचाच असतो आणि मोठी किंमत मिळालेली कित्येक शिंगरे पुढे एकही शर्यत न जिंकता विस्मृतीत जातात.

महाराजांनी केवळ घोडे घेतले नाहीत. घोड्यांच्या शर्यतींची पंढरी मानल्या जाणाऱ्या न्यूमार्केट येथे त्यांनी ‘वॉरन प्लेस’ हा मोठा तबेला घेतला. सॅम आर्मस्ट्राँग या नामांकित प्रशिक्षकाला तेथे आणले आणि महालक्ष्मीवर आपल्यासाठी डर्बी जिंकणाऱ्या एडगर ब्रिटलाही इंग्लंडला बोलावून घेतले. इंग्लंडच्या राजघराण्याचे, तेथील उमरावांचे आणि आगाखानांचे घोडे ज्या मैदानांत धावत, तेथे आता बडोद्याचे घोडे उतरू लागले.

साडेतीन मिनिटांच्या आतला खेळ

इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच्या पाच शर्यती अभिजात मानल्या जातात. त्यांतील ‘टू थाउजंड गिनीज’ एक मैलाची, डर्बी दीड मैलाची आणि डॉन्कास्टरची ‘सेंट लेजर’ पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. १७७६ साली सुरू झालेली सेंट लेजर ही त्या सर्वांत जुनी. घोड्याच्या आयुष्यात या शर्यतींची संधी एकदाच येते. त्या वर्षी हुकले की कायमचे हुकले.

सयाजीराव १९४७ साली तीन वर्षांचा झाला. टू थाउजंड गिनीजमध्ये ‘ट्युडर मिन्स्ट्रेल’ने सर्वांना आठ लांबी मागे टाकले आणि सयाजीराव तिसरा आला. डर्बीत फ्रान्सचा ‘पर्ल डायव्हर’ अनपेक्षितपणे जिंकला, आगाखानांचा ‘मिगोली’ दुसरा आणि सयाजीराव पुन्हा तिसरा. एवढी किंमत मोजूनही घोडा तिसऱ्या क्रमांकाच्या पुढे सरकत नाही, असे म्हणणाऱ्यांना जोर आला. पण दरम्यान एक गोष्ट जाणकारांच्या लक्षात आली होती. अंतर जितके लांब, तितका हा घोडा अधिक खुलत होता. त्याने आयर्लंडची डर्बी जिंकली आणि सप्टेंबरमध्ये तो सेंट लेजरसाठी डॉन्कास्टरला उतरला.

बीबीसीने १९२७ पासून शर्यतींचे धावते समालोचन सुरू केले होते आणि चाळीसच्या दशकात रेमंड ग्लेंडेनिंग यांचा आवाज ब्रिटनमध्ये घराघरात पोहोचलेला होता. घोड्यांच्या शर्यतीचे समालोचन हे क्रिकेटपेक्षा अवघड काम समजले जाते. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घेण्यास सवड असते. शर्यतीत ती नसते. दुर्बिणीतून दिसणारे घोडे एकमेकांना झाकत असतात आणि जॉकीच्या अंगावरील मालकाच्या रंगांवरून घोडा ओळखून त्याचे नाव घ्यावे लागते. मैलभराच्या पलीकडे दिसणारा ठिपका कोणाचा, हे क्षणात सांगायचे आणि चूक झाली तर ती सावरण्यास वेळ नसतो. साडेतीन मिनिटांच्या आत सारे संपते. लाखो रुपये, दोन वर्षांची मेहनत आणि मालकाची प्रतिष्ठा यांचा निकाल शेवटच्या काही पावलांवर लागतो.

त्या दिवशी निकाल लागला तो अक्षरशः डोक्याएवढ्या अंतराने. फ्रान्सच्या ‘आर्बार’शी अखेरपर्यंत झुंज देत सयाजीरावाने सेंट लेजर जिंकली. डर्बीत त्याच्या पुढे असलेला मिगोली या वेळी त्याच्या मागे तिसरा राहिला. २८ हजार गिनींचा अंदाज खरा ठरला होता.

त्याच महिन्यात

सेंट लेजरचा हा विजय सप्टेंबर १९४७ मधला. भारत स्वतंत्र होऊन एक महिना झाला होता. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या काठेवाडात जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात सामील होण्याचा निर्णय घेतल्याने पेच निर्माण झाला होता आणि सरदार पटेल यांचे संस्थान खाते तो सोडवण्याच्या खटपटीत होते.

वास्तविक बडोद्याची सुरुवात चांगली होती. घटना समितीत सहभागी होण्याचा निर्णय घेणाऱ्या पहिल्या संस्थानांमध्ये बडोदे होते. त्याचे श्रेय दिवाण सर ब्रजेंद्रलाल मित्तर यांना जाते तसेच महाराजांनाही जाते. परंतु जुनागढच्या प्रश्नात बडोद्याच्या मदतीची गरज भासली तेव्हा महाराजांनी त्या बदल्यात गुजरात आणि काठेवाडचे अधिपती म्हणून आपल्याला मान्यता मिळावी, अशी मागणी पुढे केली. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरील आपल्या ग्रंथात हा प्रसंग नोंदवला आहे. ती मागणी मान्य होण्याजोगी नव्हतीच. महाराजांना ती सोडून द्यावी लागली. दिल्लीच्या मनात मात्र बडोद्याविषयी जी अढी बसायची ती बसली.

बडोद्यातही असंतोष वाढत होता. महाराजांचा मुक्काम वर्षातील बराच काळ युरोपात असे. सीतादेवींनी मोनॅकोमध्ये घर केले होते आणि घराण्याच्या जडजवाहिराचा मोठा भाग परदेशी गेल्याची चर्चा होती. घोडे, तबेले, प्रवास, जवाहीर या सर्वांचा पैसा कोठून येतो, हा प्रश्न प्रजामंडळाचे कार्यकर्ते उघडपणे विचारू लागले होते.

एप्रिल १९४८ मध्ये बडोद्याच्या तबेल्याला आणखी एक मोठे यश मिळाले. ‘माय बाबू’ या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. त्याच्या पाठीवर चार्ली स्मर्क होता. चौदा वर्षांपूर्वी राजपिपळ्याच्या विंडसर लॅडला डर्बी जिंकून देणारा जॉकी तोच. पुढे डर्बीत माय बाबूवर सर्वांची मोठी भिस्त होती, पण तो चौथा आला आणि आगाखानांची भागीदारी असलेला ‘माय लव्ह’ जिंकला. तरीही सलग दोन वर्षे दोन अभिजात शर्यती जिंकणारा मालक म्हणून महाराजांचे नाव इंग्लंडमध्ये अग्रभागी आले.

हिशेब

इकडे बडोद्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता. १९४८ मध्येच डॉ. जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली लोकनियुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर आले. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले हेच ते मेहता. धारासभेने महाराजांवर अविश्वास व्यक्त केला. भारत सरकारने हिशेबांची तपासणी केली तेव्हा ठरलेल्या तनख्याखेरीज मोठमोठ्या रकमा खजिन्यातून उचलल्या गेल्याचे, त्यातील काही बिनव्याजी कर्ज म्हणून दाखवल्याचे उघड झाले. राज्याचा खजिना आणि राजाचा खिसा यांच्यामध्ये सयाजीरावांनी घातलेली भिंत नातवाच्या काळात ढासळली होती. रक्कम परत करण्याचे महाराजांना मान्य करावे लागले.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. महाराजांना वर्षाला साडेसव्वीस लाख रुपयांचा तनखा ठरवून देण्यात आला.

या काळातील एक गोष्ट मात्र प्रतापसिंहरावांच्या जमेच्या बाजूला ठेवावी लागते. बडोद्यात विद्यापीठ असावे, हे सयाजीरावांचे स्वप्न होते. विलीनीकरणाच्या तोंडावर, एप्रिल १९४९ मध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली. आजोबांच्या स्मरणार्थ स्थापन केलेल्या विश्वस्त निधीचा आधारही त्यांनी शैक्षणिक कार्यासाठी उभा केला. आज देशभरातून आणि परदेशांतून विद्यार्थी जेथे येतात ते विद्यापीठ आणि न्यूमार्केटच्या लिलावातील ते शिंगरू, या दोहोंना एकाच माणसाने एकच नाव दिले. दोन्ही ठिकाणी भावना बहुधा सारखीच असावी. आजोबांच्या नावाला साजेसे काही आपल्या हातून व्हावे, ही त्यांची धडपड खोटी नव्हती.

गादी गेली

विलीनीकरणावर सही केल्यानंतरही महाराजांचे मन त्या निर्णयाशी जुळले नाही. मुंबईत त्यांनी माजी संस्थानिकांची संघटना उभारली आणि बडोद्याच्या विलीनीकरणाच्या वैधतेलाच आव्हान दिले. जगात सर्वत्र राजेशाही मावळत असताना आणि देशात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची तयारी सुरू असताना उचललेले हे पाऊल त्यांच्या अंगाशी आले. राज्यघटनेनुसार माजी संस्थानिकाला अधिपती म्हणून असलेली मान्यता राष्ट्रपतींच्या अधिकारात होती. एप्रिल १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली आणि २१ वर्षांचे थोरले पुत्र फत्तेसिंहराव यांना ती दिली. तनखा गेला, किताब गेला. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले होते आणि त्या रिकाम्या जागेवर कवळाण्याचा मुलगा आला होता. पाऊणशे वर्षांनी त्याच्याच नातवावर तशीच वेळ आली.

वॉरन प्लेसचा तबेला १९५२ साली नोएल मर्लेस या प्रशिक्षकाकडे गेला. पुढे याच तबेल्यात हेन्री सेसिल यांनी ‘फ्रँकेल’ हा एकही शर्यत न हरलेला घोडा घडवला. १९५६ मध्ये महाराज आणि सीतादेवी विभक्त झाले. ज्या आजींनी सयाजीरावांबरोबर संस्थानचे वैभव पाहिले होते, त्या महाराणी चिमणाबाईंनी नातवाचे पदच्युत होणेही पाहिले. त्यांचे निधन १९५८ मध्ये झाले. प्रतापसिंहरावांची अखेरची वर्षे बडोद्यापासून दूर, बहुतांशी परदेशात गेली. १९ जुलै १९६८ रोजी लंडनमध्ये वयाच्या ६० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मागे राहिले ते

घोडे मात्र मालकाच्या पडत्या काळातही नाव राखून राहिले. सयाजीराव शर्यतींतून निवृत्त झाल्यावर पैदाशीसाठी आयर्लंडमध्ये ठेवला गेला. त्याच्या ‘ग्लॅडनेस’ या मुलीने १९५८ मध्ये अ‍ॅस्कॉटचा सुवर्णचषक जिंकला. ‘इंडियाना’ या त्याच्या मुलाने १९६४ साली तीच सेंट लेजर जिंकली, जी बापाने सतरा वर्षांपूर्वी डोक्याएवढ्या अंतराने जिंकली होती. माय बाबू पुढे अमेरिकेला गेला. त्याच्या ‘केरळ’ नावाच्या मुलीच्या पोटी जन्मलेला ‘डमॅस्कस’ १९६७ साली अमेरिकेतील वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. बडोद्याच्या तबेल्यातून निघालेले हे रक्त महाराजांच्या मृत्यूनंतरही अनेक देशांतील रेसकोर्सवर धावत राहिले.

गादीवर आलेल्या फत्तेसिंहरावांनी वडिलांनी टाळलेली वाट धरली. ते निवडणुकीला उभे राहिले, बडोद्यातून लोकसभेवर निवडून गेले, गुजरातमध्ये मंत्री झाले. बडोद्याकडून रणजी सामने खेळलेला हा राजा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा अध्यक्ष झाला, परदेश दौऱ्यांवर भारतीय संघाचा व्यवस्थापक म्हणून गेला आणि क्रिकेटचा समालोचक म्हणूनही रसिकांना परिचित झाला. वडील शर्यतीच्या मैदानात मालकांच्या कक्षात बसत. मुलाने मैदानाच्या कडेला बसून, खेळ समोर जसा घडतो तसा लोकांना सांगण्याचे काम पत्करले. फत्तेसिंहरावांनी आपल्या पणजोबांचे, सयाजीराव महाराजांचे, चरित्रही लिहिले. १९८८ साली त्यांचे निधन झाले.

प्रतापसिंहरावांना घोडा पारखता येत होता, यात शंका नाही. न धावलेल्या शिंगरात त्यांनी सेंट लेजरचा विजेता पाहिला आणि तो अंदाज अचूक ठरला. ज्या वर्षी तो खरा ठरला, त्याच वर्षी आपल्या पायाखालची जमीन कोणत्या दिशेने सरकते आहे, हे त्यांना ओळखता आले नाही. शर्यतीच्या पैशाला एक नियम असतो. तो स्वतःचा असावा लागतो. बडोद्याच्या शेतकऱ्याच्या सारापट्टीतून भरलेल्या खजिन्याला तो नियम लावला गेला, तेव्हा जिंकलेल्या चषकांनाही किंमत उरली नाही.

सोनगडचा किल्ला आजही नवापूरच्या पलीकडे उभा आहे. त्या किल्ल्यावरून घोडे हाकत निघालेल्या घराण्याचे राज्य सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याची किंमत आजही आधी विचारली जाते. ती कोणाच्या पैशातून दिली जाते, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही, कारण मालक आपल्याच खिशातून मोजत असतो. बडोद्याच्या प्रजेला तो प्रश्न विचारावा लागला आणि त्याच्या उत्तरात एका राजाची गादी गेली.